शून्य आणि रिकामा रकाना

नात्यागोत्यातल्या लग्नांत मला अजूनही ‘कॉम्प्युटर शिकवायची ती’ म्हणून ओळखतात. शिकवलं मी थोडंच. नोकरीची बहुतेक वर्षं मी प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यांतले जवळपास सगळे आता कुठल्याच यंत्रावर चालत नाहीत. सुतार थकून घरी बसला तरी त्याने केलेलं एखादं दार गावात उघडझाप करत असतं. आमच्या धंद्यात तेवढंही मागे राहत नाही. म्हणून इथे मी सबंध नोकरी सांगत बसत नाही, एका ओळीची गोष्ट सांगते. ओळ चुकीची होती, आणि ती मीच लिहिली होती.

अठ्ठ्याण्णव साल संपत आलं होतं. नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी कामाला होते. केडगावहून सायकलने यायची. पुढच्या खोलीत आमचे सर मुलांना शिकवायचे आणि मागच्या खोलीतलं एक यंत्र माझ्या ताब्यात होतं. त्यावर पुण्याहून आणलेल्या सीडीवरून पीएचपी चढवलेलं होतं. पीएचपी ही वेबसाइटची पानं आयत्या वेळी तयार करून देणारी भाषा. साधं पान छापील पत्रिकेसारखं असतं, सगळ्यांना तेच. पीएचपीचं पान विचारणाऱ्याप्रमाणे बनतं: तुम्ही शेवगावची स्थळं मागितली की शेवगावची दाखवील, नर्स मुली मागितल्या की तेवढ्याच काढून देईल. ही भाषा नगरमध्ये त्या वेळी दुसऱ्या कुणाला येत असल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं, त्यामुळे अडलं तर विचारायचं कुणाला हा प्रश्नच होता. तिचं माहितीपुस्तक मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून काढलं. प्रिंटर सबंध दिवस करकरत होता. मग ते बाइंडरकडून पुठ्ठ्यात बांधून घेतलं. त्याने पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘पीएचपी’ऐवजी ‘पीएचडी’ उमटवून दिलं. मीही ते बदलून घेतलं नाही.

गिऱ्हाईकं फार नव्हती. एका फोटो स्टुडिओवाल्यांनी वेबसाइट करायची ठरवली आणि मला विचारलं, “मॅडम, ती दुकानाच्या आत लावायची का बाहेर? बाहेर लावली तर उन्हानं रंग उडंल.” त्यांना समजावता समजावता माझा अर्धा दिवस गेला, आणि शेवटी त्यांनी बोर्डच करून घेतला.

अशात एके दिवशी गायकवाड गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. आपल्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी ते वधूवर सूचक मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे ते स्वतः, त्यांची पत्नी आणि फॉर्म भरलेली एक पत्र्याची पेटी.

“शैलाताई,” ते म्हणाले, “आपली पोरं आता पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, एक तर दुबईला आहे. मी सूची छापतो, पोस्टात टाकतो. ती त्यांच्या हातात पडेपर्यंत इकडे मुलीला दिवस गेलेले असतात. तुमच्या त्या तारेतून सूची पाठवता येईल का?”

येईल, म्हटलं. आणि कामाला लागले.

आता हे काम कसं असतं ते सांगते, पुढचं समजायला तेवढं पुरेल. गुरुजींच्या पेटीतला प्रत्येक फॉर्म म्हणजे एक स्थळ. फॉर्मवर रकाने: नाव, शिक्षण, उंची, नोकरी, भावंडं, चष्म्याचा नंबर, जमीन. प्रोग्रॅममध्ये मी प्रत्येक स्थळाचा एक ऑब्जेक्ट करायची. ऑब्जेक्ट म्हणजे यंत्राच्या पोटातला भरलेला फॉर्म, आणि त्याची प्रॉपर्टी म्हणजे त्यातला एकेक रकाना. पान बनवताना प्रोग्रॅम ऑब्जेक्टला विचारतो, तुझं शिक्षण काय, तुझी उंची काय, आणि मिळेल ते उत्तर छापतो.

घोटाळा असा की पेटीत दोन प्रकारचे फॉर्म होते. जुन्या फॉर्मवर जमिनीचा रकानाच नव्हता, नव्यावर होता. त्यामुळे पहिल्यांदा पान काढलं तेव्हा राहुरीच्या एका डॉक्टरांच्या नावाखाली छापून आलं, ‘जमीन: एकर’. मधला आकडा गायब. गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “ही कविता आहे का?”

मी लगेच एक ओळ घातली. तिचा मराठीत अर्थ असा: जमीन असेल तर छाप, नसेल तर ‘माहिती दिली नाही’ असं छाप. भावंडांना तीच ओळ, चष्म्याला तीच ओळ. पान स्वच्छ दिसायला लागलं. गुरुजींच्या पत्नींनी रव्याचे लाडू पाठवले. सरांनी पुढच्या खोलीतल्या मुलांना आत आणून माझं पान दाखवलं. दुबईच्या मुलाचं उत्तर आलं की पान दिसतं, मराठी अक्षरंसुद्धा दिसतात. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणजे जवळजवळ सगळ्यांकडेच, त्यांना गुरुजी त्याच पानाची छापील प्रत द्यायचे. मला आठवतं, त्या आठवड्यात केडगावच्या चढावर मी सायकलवरून उतरलेसुद्धा नाही.

महिनाभराने एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला क्लासच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. उंच, काळेसावळे, डोक्याला टॉवेल, हातात घडी करून करून मऊ झालेला कागद. पाथर्डीहून पहाटेच्या एसटीने आले होते. बरोबर गुरुजी होते.

“जय भीम, बाई. मी किसन पगारे. ह्ये तुमी लिवलंय का?”

कागद माझ्याच पानाची प्रत होती. अशोक किसन पगारे, वायरमन, उंची पाच फूट सात इंच. त्यांनी बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं, ‘जमीन: माहिती दिली नाही’.

“शेवगावच्या साळव्यांची पोरगी बघाया जायचं ठरलं हुतं,” किसनराव म्हणाले. “नर्स हाय पोरगी. पोराला तिचा फोटू लई आवडला. तर तिच्या चुलत्यानं हा कागद वाचला आन् निरोप धाडला, जी मानसं कागदावरच झाकाझाकी करत्यात, त्यांच्यात आमची पोरगी द्यायची न्हाई. बाई, आमी काय झाकलं वो?”

मला आता जे सांगायचं ते सांगताना अजूनही कानशिलं तापतात. मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही रकाना रिकामा सोडला असेल. कॉम्प्युटर मनाचं काही लिहीत नाही.”

“रिकामा न्हाई सोडला.”

“मग कॉम्प्युटरला कसं कळणार? तुम्ही दिलं तेच तो छापतो.”

ते एवढंच म्हणाले, “बाई, माझ्यासमूर लिवलंय पोरानं.”

गुरुजींनी पिशवीतून फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला. जमिनीच्या रकान्यात निळ्या शाईने गोल, ठळक, दोनदा गिरवलेलं शून्य होतं.

“तेवढ्यावरनं वाद झाला हुता घरात,” किसनराव सांगू लागले. “पोरगं म्हनलं, आबा, हे सोडून दिऊ, कशाला लिवायचं. मी म्हनलं, लिव. इस वर्सं मी न् त्याची आय ऊस तोडाया गेलो. पोराला हितं शाळंत ठिवून गेलो. जमीन न्हाई म्हनूनच गेलो ना? मग त्यात लाजायचं काय? लिव शून्य. त्येनं बारीक लिवलं, तर मी परत गिरवाया लावलं.”

मी अजूनही यंत्राचीच बाजू घेत होते. म्हटलं, “काका, शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणून त्याला वाटलं असेल की...”

“आसं कसं बाई?” ते पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलले. “शून्य म्हंजी मी सांगितलंय, की न्हाई. रिकामं म्हंजी मी सांगितलंच न्हाई. ह्या दोन गोष्टी एक कशा हुतील?”

त्या जाडजूड पुस्तकातली पानं मी पाठ केली होती. त्यांतल्या कुठल्याही पानाने मला ही गोष्ट इतकी सरळ सांगितली नव्हती.

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि यंत्रासमोर बसले. माझी ओळ उघडली. ‘जमीन असेल तर’ असं मी लिहिलं होतं, आणि पीएचपीचा कायदा असा की नुसतं ‘असेल तर’ विचारलं तर शून्यालाही तो ‘नाही’च समजतो. रकाना नसला तरी नाही, रिकामा असला तरी नाही, आणि शून्य असलं तरी नाही. तीन वेगळ्या माणसांना मी एकाच रांगेत उभं केलं होतं आणि तिघांच्या गळ्यात एकच पाटी अडकवली होती.

रकाना मुळात आहे का, एवढंच विचारायला भाषेत इज-सेट नावाचा शब्द होता. तो घातला. अशोकचं पान काढलं, ‘जमीन: ० एकर’. किसनराव खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. मी खूश होऊन पुढचं पान काढलं तर एका श्रीगोंद्याच्या मुलाखाली पुन्हा ‘जमीन: एकर’. त्याने रकाना खरोखरच रिकामा सोडला होता. रकाना होता, आत काही नव्हतं, आणि इज-सेटने इमानाने ‘आहे’ म्हणून सांगितलं होतं.

“आता ह्येचं काय झालं?” किसनराव माझ्या खांद्यामागून म्हणाले.

“याने खरंच काही लिहिलेलं नाही, काका.”

“मग त्येला इचारायचं, खोली हाय का, आन् मग आत मानूस हाय का. दोनदा इचारा की.”

मी दोनदा विचारलं. आधी इज-सेटने रकाना आहे का ते पाहिलं, मग आत किती अक्षरं आहेत ती मोजली. शून्य लिहिलं तर एक अक्षर भरतं, रिकाम्यात एकही नाही. आता तीन उत्तरं तयार झाली. रकाना नाही तर ‘जुना फॉर्म, हा प्रश्न विचारला नव्हता’. रकाना आहे पण रिकामा, तर ‘माहिती दिली नाही’. आणि लिहिलेलं असेल तर जे लिहिलं ते, मग ते शून्य का असेना.

त्यानंतर मी सगळी पानं नव्याने काढून जुन्यांशी ताडून पाहिली. पारनेरची एक मुलगी घरात एकटीच होती, भावंडं शून्य. माझ्या पानावर तिने म्हणे माहिती दिली नव्हती. कितीतरी जणांच्या चष्म्याचा नंबर शून्य होता, म्हणजे नजर चांगली होती, आणि मी त्यांना संशयात टाकलं होतं. एका पोस्टमनने आपला चष्मा लपवला अशी गुरुजींकडे तक्रारही आलेली होती, पण ती त्यांनी हसण्यावारी नेली होती. मी किसनरावांकडे वळले आणि माफी मागितली. म्हटलं, “चूक माझी होती. आणि तुम्हाला उलटून बोलले ती दुसरी चूक.”

“ते ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आता शेवगावला कोन सांगनार?”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. प्रोग्रॅम दुरुस्त करणं ही माझी नोकरी होती. लोकांच्या घरी जाऊन चूक कबूल करणं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण रविवारी आम्ही दोघं एसटीने शेवगावला गेलो. मूळ फॉर्म गुरुजींच्या पिशवीत होता.

साळवे बाजार समितीत कारकून होते, शांत स्वभावाचे. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे ज्यांनी निरोप धाडला ते काका, खुर्चीवर मांडी घालून बसले होते. वंदना, म्हणजे ती नर्स मुलगी, पाणी घेऊन आली आणि आत न जाता दाराच्या चौकटीपाशी थांबली. मी सगळं सांगितलं. चूक माझी, मुलाने शून्य लिहिलं होतं, यंत्राने ते गिळलं.

काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे जमीन अजिबातच न्हाई?”

“नाही,” गुरुजी म्हणाले.

“अहो मग ह्ये तर आधीपेक्षा वाईट झालं! आधी निदान काहीतरी असंल असं तरी वाटत हुतं!”

माझा चेहरा पडला. दोन तासांचा प्रवास करून मी मुलाचा खरेपणा सिद्ध केला होता आणि त्याच दमात त्याचं लग्न मोडत होते. साळव्यांना हसू आलं होतं, पण थोरल्या भावापुढे त्यांनी ते मिशीतच दाबलं.

“गुरुजी, फॉर्म बघू?” वंदना म्हणाली.

गुरुजींनी तो तिच्या हातात दिला. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. वाचता वाचता एकदम फिस्सकन हसली.

“काय गं?” साळव्यांनी विचारलं.

“व्यसनाच्या रकान्यात लिहिलंय, ‘महिन्यातून एकदोनदा पान, तंबाखू न घालता’. आणि स्वभावाच्या रकान्यात लिहिलंय, ‘राग येतो, पण जेवल्यावर जातो’.”

आता साळवे उघडच हसले. काका मात्र अडून होते. “पोरी, हसण्यावारी नेऊ नको. जमीन न्हाई म्हंजी उद्या आधार काय?”

“काका, मला नोकरी आहे, त्याला नोकरी आहे. मला काही नांगर धरायचा नाही,” वंदना म्हणाली. “तुम्हीच म्हणाला होतात ना, झाकाझाकी करणारे नकोत? याच्याइतकं उघडं लिहिणारा दुसरा एक दाखवा. दवाखान्यात पेशंटसुद्धा मला एवढं खरं सांगत नाहीत.”

काकांनी फॉर्म तिच्याकडून मागून घेतला. शून्यावर बोट फिरवून म्हणाले, “दोनदा गिरवलंय.”

“ते त्याच्या वडिलांनी गिरवायला लावलं,” मी म्हटलं, आणि किसनरावांच्या घरातला तो वाद त्यांना सांगितला. ऊसतोडीचं, शाळेचं, सगळं. माझं संपल्यावर त्यांनी मांडी मोडली, चपला शोधल्या आणि भावाला म्हणाले, “त्या मानसाला भेटलं पायजे. मुलगा नंतर बघू, आधी बापाला बघू.”

पुढच्याच आठवड्यात ते पाथर्डीला गेले. जाताना फक्त भेटायला म्हणून गेले आणि येताना तारीख काढून आले.

लग्न शेवगावला झालं. मांडवात किसनराव नव्या पांढऱ्या टोपीत येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून देत होते, “ह्या बाईनं आमचं शून्य खाल्लं हुतं. पन वकून पन दिलं.” पाहुण्यांना काय कळत असेल कोण जाणे, पण ते मला नमस्कार करत होते. अशोक बुजरा होता. वायरिंग बिघडलं तर कधीही कळवा, एवढं एकच वाक्य तो माझ्याशी बोलला.

वंदना पांढऱ्या साडीत बसली होती. मी आहेर द्यायला गेले तर तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

“ताई, एक विचारू? मुलांच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’ असा रकाना आहे. मुलगी कशी हवी, शिकलेली हवी का, नोकरी केलेली चालेल का. अशोकनेही भरलाय.”

“हो, आहे.”

“मग मुलींच्या फॉर्मवर तो का नाही?”

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हता. जुन्यावरही नव्हता, नव्यावरही नव्हता. मुलींचं पान बनवताना माझ्या प्रोग्रॅमने तो कधी मागितला नाही, म्हणून तो नसल्याचं यंत्राने कधी सांगितलंही नाही. मी स्वतः मुलगी. शेकडो फॉर्म हाताखालून घातलेले. माझ्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, “चाळीस वर्षं मुलींच्या शिक्षणावर भाषणं केली मी, ताई,” आणि खिशातलं पेन काढून नव्या फॉर्मचा मसुदा लिहायला बसले. मी यंत्रावर मुलींच्या स्थळांना ‘अपेक्षा’ची जागा केली. मुलांसाठी होती तेवढीच, ऐंशी अक्षरांची. मुलं तिथे ‘सुशील, गृहकृत्यदक्ष’ लिहायची आणि निम्मी जागा उरायची.

नवा फॉर्म पहिला भरून आला तो नेवाशाच्या एका मुलीचा. बालवाडीत शिकवणारी. ‘अपेक्षा’च्या रकान्यात तिने बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली होती, रकाना संपल्यावर समासात शिरली होती, समास संपल्यावर कागद उलटा करून मागच्या बाजूला गेली होती, आणि तिथे शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘बाकी भेटीत सांगेन’.

मी ते सगळं टाइप केलं. ऐंशी अक्षरांनंतर यंत्राने उरलेलं कापून टाकलं. गुरुजी शेजारीच बसले होते.

“तिला म्हणावं, थोडक्यात लिही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि जागा वाढवायला घेतली.